गुडघ्याच्या वाटीचे गुंतागुंतीचे अस्थिभंग आणि त्यांच्या जोडणीच्या पद्धती : तुलनेच्या निकषांची चिकित्सा (हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात)

सारांश

गुडघ्याच्या वाटीचे अनेक तुकडे झाले असता ते शस्त्रक्रियेने जोडण्याच्या विविध पद्धती आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी कोणती पद्धत अधिक चांगली, याविषयी गेल्या काही दशकांत विपुल संशोधनपर लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखात या लेखनातील निवडक तुलनात्मक अभ्यासांची आणि त्यांत वापरल्या जाणाऱ्या मूल्यमापनाच्या निकषांची चिकित्सा केली आहे. हे निकष मुख्यतः खुर्चीवर बसणाऱ्या समाजाच्या जीवनपद्धतीवर आधारलेले आहेत. हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातील श्रमजीवी रुग्णाचे खरे नुकसान त्यांत पुरेसे मोजले जात नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : गुडघ्याची वाटी, अस्थिभंग, टेन्शन बँड, प्लेट, मूल्यमापन, उकिडवे बसणे, हिंगोली जिल्हा.

प्रस्तावना

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार असून तिचा फार मोठा भाग ग्रामीण आहे. सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद ही येथील प्रमुख पिके होत. वसमतची हळदीची बाजारपेठ तर सर्वपरिचित आहे. या पिकांची बरीचशी कामे आजही जमिनीलगत बसूनच केली जातात. निंदणी-खुरपणी, सोयाबीनची सोंगणी, काढणीनंतर हळदीचे कंद वेचणे, गड्डे व हळकुंडे वेगळी करणे ही कामे करणारी व्यक्ती दिवसाचे कित्येक तास उकिडवी बसलेली असते. शेतीबाहेरही हीच स्थिती दिसते. चुलीपुढचा स्वयंपाक, अंगणाचे सारवण, पंगतीतील जेवण, भजनाची बैठक, नमाजातील गुडघे टेकून बसणे, भारतीय पद्धतीचे शौचालय या सर्व ठिकाणी गुडघा पूर्ण दुमडावा लागतो. औंढा नागनाथाच्या दर्शनासाठी जमिनीखालच्या गाभाऱ्यात अरुंद पायऱ्यांनी उतरणारा भाविकही नकळत आपल्या गुडघ्यांची परीक्षाच देत असतो.

अशा समाजात गुडघ्याची वाटी फुटणे ही केवळ एका हाडाची इजा राहत नाही. तिचा परिणाम रोजगारावर, घरकामावर आणि सामाजिक सहभागावर होतो. अकोला, हिंगोली आणि नांदेड यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्गासारख्या रस्त्यांवर दुचाकींची वर्दळ वाढली असून दुचाकीवरून पडताना गुडघ्यावर थेट आघात होणे हे या अस्थिभंगाचे एक प्रमुख कारण आहे. त्यामुळे या इजेवरील उपचारपद्धतींची तुलना हा वैद्यकाबरोबरच समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि गृहशास्त्र या विद्याशाखांच्याही आस्थेचा विषय ठरतो. ही तुलना कोणत्या कसोट्यांवर केली जाते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाटीची रचना आणि कार्य

गुडघ्याची वाटी, म्हणजेच पॅटेला, हे शरीरातील कंडरेत रुजलेल्या हाडांपैकी सर्वांत मोठे हाड आहे. मांडीच्या पुढील बाजूच्या बळकट स्नायूला वैद्यकात क्वाड्रिसेप्स म्हणतात. हा स्नायू आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये वाटी असते. विहिरीच्या रहाटामुळे दोराला जशी योग्य दिशा मिळते, तशी वाटीमुळे या स्नायूच्या ओढीला दिशा मिळते आणि तिचा जोर वाढतो. गुडघा सरळ करण्याच्या या बलात वाटीचा वाटा सुमारे तीस टक्क्यांपर्यंत असतो, असे यांत्रिक अभ्यासांतून दिसून आले आहे. वाटीच्या मागील पृष्ठभागावर कूर्चेचा जाड थर असतो. शरीरातील इतर सांध्यांच्या तुलनेत हा थर अधिक जाड आहे आणि त्याचे कारण वाटीवर पडणाऱ्या भारात आहे. राइली व मार्टेन्स यांनी १९७२ मध्ये केलेल्या गणितानुसार सपाट जमिनीवर चालताना वाटीच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा भार येतो. जिना चढता-उतरताना तो तिपटीहून अधिक होतो आणि गुडघा खोल वाकवताना सातपटीच्याही पुढे जातो.

वाटीचा भंग हा एकूण अस्थिभंगांच्या सुमारे एक टक्का असतो. तुकडे जागेवर असतील आणि रुग्णाला पाय सरळ उचलता येत असेल, तर शस्त्रक्रियेची गरज सहसा पडत नाही. तुकड्यांमधील अंतर तीन मिलिमीटरहून अधिक असल्यास, सांध्याच्या पृष्ठभागात दोन मिलिमीटरहून अधिक पायरी पडली असल्यास किंवा पाय सरळ करण्याची शक्ती गेली असल्यास शस्त्रक्रिया केली जाते. आडवा, दोन तुकड्यांचा भंग तुलनेने सोपा असतो. वाटीचे अनेक तुकडे होऊन सांध्याचा पृष्ठभागच विस्कटतो तेव्हा त्या भंगाला गुंतागुंतीचा म्हणतात. प्रस्तुत विवेचन मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

जोडणीच्या पद्धतींचा विकास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गुडघा उघडून शस्त्रक्रिया करणे म्हणजे जंतुसंसर्गाला आणि बहुधा मृत्यूला आमंत्रण देणे होते. १८७७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी लंडन येथे जंतुनाशक पद्धतीचा अवलंब करून वाटीचे तुकडे चांदीच्या तारेने जोडले. या घटनेला अस्थिशल्यचिकित्सेच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान आहे. त्यानंतर वाटीभोवती तार गुंडाळण्याच्या अनेक तऱ्हा निघाल्या. परंतु केवळ वेढलेली तार गुडघा वाकताच सैल पडत असे आणि म्हणून पाय दीर्घकाळ प्लास्टरमध्ये ठेवावा लागे. प्लास्टर निघेपर्यंत गुडघा आखडून जाई.

या अडचणीला कंटाळून वैद्यकाने एक टोकाचा मार्गही अनुसरला. १९३७ मध्ये इंग्लंडमधील ब्रुक यांनी फुटलेली वाटी सरळ काढून टाकण्याचा पुरस्कार केला. वाटीचे विशेष कार्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे मत काही काळ बरेच लोकप्रिय झाले. पुढे हॅक्स्टन यांच्या १९४५ च्या अभ्यासाने आणि त्यानंतरच्या निरीक्षणांनी वाटी काढल्यावर पाय सरळ करण्याचे बल बरेच घटते, हे स्पष्ट केले. या प्रकरणातून मिळणारा धडा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. काढून टाकलेल्या वाटीचे रुग्ण चालू शकत होते आणि चालणे हीच कसोटी मानल्याने पद्धत यशस्वी वाटली. बळाची कसोटी लावताच ती उणी ठरली. म्हणजे पद्धतीचे यशापयश निकषाच्या निवडीवर अवलंबून होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉवेल्स यांच्या यांत्रिक विचारावर आधारलेली आणि स्वित्झर्लंडमधील एओ या अस्थिशल्यचिकित्सकांच्या गटाने रूढ केलेली टेन्शन बँड पद्धत सर्वमान्य झाली. तीत दोन समांतर के-वायर म्हणजे सरळ, ताठ तारा तुकड्यांतून उभ्या घातल्या जातात. त्यानंतर एक लवचीक तार वाटीच्या पुढील पृष्ठभागावरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ओढून पिळली जाते. गुडघा वाकताना वाटीचा पुढील भाग फाकू पाहतो, परंतु तार त्याला अडवते. त्यामुळे तेच बल मागील, सांध्याच्या बाजूला दाबात रूपांतरित होते, असे या पद्धतीचे तत्त्व आहे. तिच्यामुळे गुडघ्याची हालचाल लवकर सुरू करता येऊ लागली, हा तिचा मोठाच लाभ होय. साहित्य स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे असल्याने जिल्हा पातळीवरील रुग्णालयांतही ती सहज रुजली.

यानंतर के-वायरऐवजी पोकळ स्क्रू घालून त्यांतूनच तार ओवण्याची पद्धत आली. १९९७ मध्ये कार्पेंटर व सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत मृतदेहांच्या गुडघ्यांवर केलेल्या चाचणीत ही जोडणी अधिक बळकट ठरली. एकविसाव्या शतकात पातळ, लॉकिंग स्क्रूच्या प्लेट, जाळीदार प्लेट, खालच्या टोकाच्या चुऱ्यासाठी टोपलीच्या आकाराची प्लेट, तसेच तारेऐवजी न विरघळणारा पॉलिस्टरचा धागा असे पर्याय पुढे आले. चीनमध्ये निकेल-टायटेनियम या आकारस्मरण धातूच्या नखरीसारख्या साधनाचाही वापर झाला.

गुंतागुंतीच्या भंगात तत्त्वाची मर्यादा

टेन्शन बँडचे तत्त्व एका गृहीतकावर उभे आहे. मागील बाजूस दोन तुकडे एकमेकांना घट्ट टेकलेले असावेत, तरच पुढील ताण मागील दाबात बदलेल. आडव्या भंगात ही अट पूर्ण होते. वाटीच्या मागील भागाचा चुरा झालेला असेल तर टेकायला हाडच उरत नाही. अशा वेळी पुढची तार आवळली असता तुकडे आत कोसळतात आणि सांध्याचा पृष्ठभाग अधिकच वेडावाकडा होतो. म्हणून अशा भंगात आधी लहान स्क्रूंनी तुकडे जोडून भंगाला सोपे रूप द्यावे लागते. वाटीभोवती वर्तुळाकार तार घालणे, प्लेटचा आधार घेणे किंवा जुळवताच न येणारा खालचा चुरा काढून कंडरा उरलेल्या हाडाला शिवणे हे अन्य पर्याय होत. सीटी स्कॅन केल्यावर खालच्या टोकाचा चुरा अनेकदा साध्या क्ष-किरण चित्रात वाटला त्यापेक्षा अधिक निघतो, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

तात्पर्य, गुंतागुंतीच्या भंगात 'तार की प्लेट' हा प्रश्न सुटा विचारता येत नाही. तुकडे किती, चुरा कोठे, हाड ठिसूळ आहे की टणक आणि शल्यचिकित्सकाचा हात कोणत्या पद्धतीत बसलेला आहे, या सर्वांचा त्यात संबंध येतो. उपलब्ध तुलनात्मक लेखनाचे परीक्षण करताना ही बाब डोळ्यांआड होता कामा नये.

तुलनात्मक अभ्यासांचे परीक्षण

या विषयावरील लेखनात तीन प्रमुख उणिवा दिसून येतात.

पहिली उणीव प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांतील अंतराची आहे. पोकळ स्क्रूची जोडणी प्रयोगशाळेत अधिक बळकट ठरल्याचा उल्लेख वर आला आहे. परंतु होशिनो व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ४४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा जोडणी निसटण्याचे प्रमाण के-वायरच्या गटात ३.५ टक्के, तर स्क्रूच्या गटात ७.५ टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. तरीही प्रयोगशाळेतील बळकटी रुग्णालयात आपोआप उतरत नाही, एवढे त्यातून निश्चित सूचित होते. उलट धातू काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण के-वायरच्या गटात ३७ टक्के आणि स्क्रूच्या गटात २३ टक्के होते. म्हणजे एका निकषावर तारेचे पारडे जड दिसते, तर दुसऱ्या निकषावर स्क्रूचे. यांपैकी कोणत्या निकषाला अधिक वजन द्यायचे, हा निर्णय आकडे स्वतः करीत नाहीत.

दुसरी उणीव रुग्णसंख्येची आणि तुलनेच्या दर्जाची आहे. २०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या पद्धतशीर आढाव्यात वाटीच्या भंगावरील उपचारांच्या केवळ पाच लहान चाचण्या पात्र ठरल्या. त्यांतील एकूण रुग्ण होते १६९. त्या पाचांत प्लेट आणि टेन्शन बँड यांची थेट तुलना करणारी एकही चाचणी नव्हती. एक चाचणी तर वाटी काढून टाकण्याच्याच दोन तऱ्हांविषयी होती. उपलब्ध पुरावा अत्यंत कमी दर्जाचा आहे, असा त्या आढाव्याचा निष्कर्ष होता आणि २०२१ मधील सुधारित आढाव्यानेही त्यात मूलभूत बदल केला नाही. न्यूयॉर्क येथील लॉरिच व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जाळीदार प्लेटचे परिणाम अधिक चांगले असल्याचे मांडले. हा अभ्यास महत्त्वाचा आहे. परंतु रुग्णांची यदृच्छ विभागणी न करता एकाच केंद्रातील निष्णात शल्यचिकित्सकांनी केलेल्या शस्त्रक्रियांवर तो आधारलेला आहे. तेथील यश अन्यत्र जसेच्या तसे मिळेल, असे गृहीत धरणे धाडसाचे होईल.

तिसरी उणीव वर्गवारीची आहे. अनेक अभ्यासांत आडवे, साधे भंग आणि अनेक तुकड्यांचे भंग एकाच गटात मोडतात. साध्या भंगांची संख्या अधिक असल्याने सरासरीवर त्यांचीच छाप पडते. मग तो सरासरी निष्कर्ष गुंतागुंतीच्या भंगालाही लावला जातो. वास्तविक जेथे निवड कठीण आहे, तेथेच पुरावा सर्वांत विरळ आहे.

या उणिवा असूनही काही निष्कर्ष बऱ्याच अभ्यासांत सातत्याने आढळतात. डाय व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २४ अभ्यासांतील ७३७ रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यांत हाड न जुळण्याचे प्रमाण १.३ टक्के एवढेच होते, परंतु पुनःशस्त्रक्रियेचे प्रमाण ३३.६ टक्के निघाले. त्याच वर्षी लेब्रन व सहकाऱ्यांनी ४० रुग्णांना सरासरी साडेसहा वर्षांनंतर तपासले. जोडणी केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या गुडघ्यातील धातू त्रासामुळे काढावा लागला होता. गोसाल व सहकाऱ्यांच्या २००१ मधील ३७ रुग्णांच्या अभ्यासात तारेच्या गटात पुनःशस्त्रक्रियेचे प्रमाण ३८ टक्के, तर पॉलिस्टर धाग्याच्या गटात ६ टक्के होते. शेवटचा अभ्यास लहान आहे आणि त्यावरून धागा सर्व गुंतागुंतीच्या भंगांना पुरेल, असे म्हणता येणार नाही. मात्र या सर्वांतून एक गोष्ट उघड होते. वाटीच्या शस्त्रक्रियेत हाड जुळणे हा आता मुख्य प्रश्न राहिलेला नाही. हाड बहुधा जुळते. जुळलेल्या हाडावरचा धातू आणि त्या गुडघ्याने पुढे करावयाचे काम, हे खरे प्रश्न आहेत.

निकषांची चिकित्सा

हे काम मोजण्यासाठी अभ्यासक गुणपत्रिका वापरतात. त्यांतील चार विशेष प्रचलित आहेत. फिनलंडमधील बोस्टमन यांची १९८१ ची गुणपत्रिका खास वाटीच्या भंगासाठी तयार झाली. लिशोल्म यांची गुणपत्रिका स्वीडनमध्ये १९८२ मध्ये तयार होऊन १९८५ मध्ये सुधारली गेली. तिचा मूळ उद्देश गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या इजांचा होता. १९९३ ची कुजाला यांची गुणपत्रिका फिनलंडची, तर १९९८ ची कूस ही प्रश्नावली स्वीडनमधील एवा रूस व सहकाऱ्यांची आहे. चारही साधने काळजीपूर्वक तयार केलेली आहेत, याविषयी शंका नाही. परंतु ती चारही उत्तर युरोपातील दोन शेजारी देशांत जन्मली, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

लिशोल्म गुणपत्रिकेत एकूण १०० गुण असतात. त्यांपैकी वेदना व अस्थिरता यांना प्रत्येकी २५, जिन्याला १० आणि उकिडवे बसण्याला केवळ ५ गुण आहेत. ९५ व त्याहून अधिक गुण मिळाल्यास निकाल 'उत्कृष्ट' मानला जातो. याचा अर्थ असा, की ज्या रुग्णाला उकिडवे बसणे पूर्णपणे अशक्य झाले आहे, त्यालाही बाकी सर्व गुण मिळाल्यास निकाल 'उत्कृष्ट'च ठरतो. वसमत परिसरात हळदीचे कंद वेचणाऱ्या मजूर स्त्रीच्या बाबतीत हा शेरा वस्तुस्थितीच्या विपरीत होय.

बोस्टमन गुणपत्रिकेत ३० पैकी ६ गुण हालचालीच्या कक्षेला आहेत. गुडघा पूर्ण सरळ होऊन १२० अंशांपलीकडे वाकला, की हे सहाही गुण मिळतात. परंतु मुलहॉलंड व वायस यांनी २००१ मध्ये आशियाई व मध्यपूर्वेकडील जीवनपद्धतीच्या संदर्भात घेतलेल्या आढाव्यानुसार उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि गुडघे टेकणे यांसाठी १११ ते १६५ अंशांपर्यंत वाकण्याची आवश्यकता असते. १२० अंशांवर पूर्ण गुण मिळवलेला गुडघा शेतात बसताना अपुरा पडू शकतो, तो यामुळेच. या गुणपत्रिकेत कामाचा विचार आहे, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. मात्र त्याला ३० पैकी ४ च गुण आहेत. २० ते २७ गुणांचा निकाल 'चांगला' गणला जातो. बाकी सर्व गुण मिळालेला पण काम कायमचे सुटलेला रुग्ण २६ गुणांसह 'चांगला' या वर्गात बसतो. व्यवहारात असा रुग्ण इतरही काही गुण गमावील, हे खरे. तथापि रोजगार गमावण्याला एवढे अल्प वजन देणारी मोजपट्टी रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने अपुरीच म्हणावी लागेल.

कूस प्रश्नावलीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तीत दैनंदिन जीवनातील क्रियांचा एक विभाग आहे. त्यात जिना, मोजे घालणे, कारमध्ये बसणे-उतरणे, स्नानाच्या टबात जाणे-येणे अशा क्रिया येतात. उकिडवे बसणे आणि गुडघे टेकणे या क्रियांचाही समावेश प्रश्नावलीत आहे, परंतु तो धावणे व उड्या मारणे यांच्या सोबतीने 'खेळ व मनोरंजन' या विभागात केलेला आहे. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातील खेड्यात कारमध्ये बसणे ही प्रासंगिक बाब आणि उकिडवे बसणे ही पहाटेपासूनची गरज आहे. प्रश्नावलीची भाषा मराठीत आणली तरी तिच्यातील दिवस मराठवाड्यातील होत नाही. तुलनेचा निष्कर्ष याच साधनांतून निघत असल्यामुळे दोन पद्धतींचे गुण समान आले म्हणजे त्या पद्धती येथील रुग्णासाठी समान आहेत, असे मानता येत नाही.

हिंगोली जिल्ह्याचा संदर्भ

याच दृष्टीने पुनःशस्त्रक्रियेच्या आकड्याकडे पाहणे आवश्यक आहे. बहुतेक अभ्यासांत धातू काढण्याची शस्त्रक्रिया किरकोळ गुंतागुंत म्हणून नोंदवली जाते. वाटी कातडीच्या अगदी खाली असल्याने के-वायरची टोके टोचणे स्वाभाविक आहे. जो समाज गुडघे टेकत नाही, तेथे ही टोचणी सहन करता येते. सारवताना, पूजेत, नमाजात किंवा जात्यापुढे बसताना गुडघा जमिनीला टेकणाऱ्या व्यक्तीला ती सहन होत नाही. साहजिकच दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येते. त्यासाठी पुन्हा रुग्णालयात दाखल होणे, सोबत घरातील एक माणूस असणे, दोघांची मजुरी बुडणे आणि पुन्हा काही आठवडे जपून वागणे हे सर्व ओघाने येते. शासकीय आरोग्य योजनांमुळे शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भार पुष्कळ हलका झाला आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू होऊन पुढे महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने राज्यभर चालू असलेली योजना त्याचे प्रमुख उदाहरण होय. परंतु बुडालेली मजुरी कोणत्याही तुलनात्मक तक्त्यात दिसत नाही. स्वस्त तार आणि महाग प्लेट यांची तुलना करताना साहित्याची किंमत मांडली जाते आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचे दिवस वगळले जातात. यामुळे हिशेब अपुरा राहतो. हे दिवस धरले तर काही रुग्णांच्या बाबतीत महाग वाटणारी पद्धत स्वस्त ठरेल. कदाचित अन्य काहींच्या बाबतीत पॉलिस्टरचा धागा दोहोंपेक्षा परवडेल. निर्णय काहीही होवो, तो पूर्ण हिशेबावर व्हावयास हवा.

दुसरा मुद्दा पाठपुराव्याचा आहे. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी वा अन्य मजुरीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने अशा ठरावीक भेटी त्यांना पाळता येत नाहीत. असे रुग्ण अभ्यासातून गळतात आणि जे येऊ शकतात त्यांचीच सरासरी छापली जाते. ज्यांच्या गुडघ्यावर सर्वाधिक भार पडतो, तेच मोजणीबाहेर राहतात. शिवाय लवकर हालचाल सुरू करणे हा सर्वच पद्धतींचा आधार आहे आणि त्यासाठी फिजिओथेरपीची नियमित सोय लागते. गावापासून दूर असलेल्या केंद्रात वारंवार जाणे ज्याला शक्य नाही, त्याचा गुडघा उत्तम जोडणीनंतरही आखडतो. त्याचा दोष मग पद्धतीच्या माथी मारला जातो.

संभाव्य आक्षेप

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. खोल वाकण्यात वाटीच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सातपटीहून अधिक भार येतो, हे वर नमूद केले आहे. एकदा सांध्याचा पृष्ठभाग विस्कटला, की उकिडवे बसणे टाळणेच हिताचे, असा सल्ला अनेक शल्यचिकित्सक देतात. मग जी क्रिया रुग्णाने करूच नये, ती यशाची कसोटी का मानावी?

आक्षेपात तथ्य आहे. गुडघ्याचे भवितव्य ध्यानात घेऊन दिलेला हा सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. तथापि सल्ला आणि मोजमाप या भिन्न गोष्टी आहेत. रुग्णाने उकिडवे बसू नये असे ठरले, तर तो त्याच्या जीवनातील मोठा तोटा आहे आणि तोटा म्हणूनच त्याची नोंद झाली पाहिजे. ती न करता निकाल 'उत्कृष्ट' लिहिणे म्हणजे तोटा हिशेबातून पुसून टाकणे होय. दुसरे असे, की ज्यांना पर्यायी काम उपलब्ध नाही ते सल्ला मिळूनही शेतात बसणारच. त्यांच्या गुडघ्यात कोणती जोडणी अधिक काळ टिकते, हे कळण्यासाठी त्यांना मोजणे आवश्यकच आहे.

स्थानिक जीवनाला अनुरूप निकष तयार करणे अशक्य आहे, असेही नाही. भारतीय वैद्यकात त्याची आदरणीय परंपरा आहे. जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी कृत्रिम पाय घडवताना उकिडवे बसता येणे, मांडी घालता येणे आणि चिखलात अनवाणी चालता येणे याच गरजा आधारभूत मानल्या. आयात केलेला पाय दिसायला चांगला असूनही शेतकऱ्याच्या उपयोगाचा नव्हता, हे त्यांनी ओळखले होते. महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी विकसित केलेल्या इंडस या कृत्रिम गुडघ्यामागेही भारतीय बैठकीचा विचार होता. संधिवाताच्या क्षेत्रात पुण्याच्याच सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेने वोमॅक ही पाश्चात्त्य प्रश्नावली भारतीय दैनंदिन व्यवहारांना अनुसरून बदलून घेतली आणि ती अनेक भारतीय संशोधनांत वापरली गेली. कृत्रिम पाय, कृत्रिम सांधा आणि संधिवात यांबाबत जे घडले, ते फुटलेल्या वाटीबाबतही घडू शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) वाटीच्या गुंतागुंतीच्या भंगात सर्व रुग्णांसाठी एकच पद्धत श्रेष्ठ आहे, असे उपलब्ध पुराव्यावरून म्हणता येत नाही. मागील भागाचा चुरा झाला असता केवळ टेन्शन बँडवर विसंबणे त्याच्या स्वतःच्या तत्त्वाशी विसंगत ठरते. प्लेटची बाजू आशादायक असली तरी अद्याप पुरेशी सिद्ध झालेली नाही.

२) प्रचलित गुणपत्रिकांमध्ये उकिडवे बसणे, मांडी घालणे व गुडघे टेकणे यांना एक तर अत्यल्प वजन आहे किंवा स्थानच नाही. त्यांवर आधारलेली तुलना येथील श्रमजीवी रुग्णाच्या संदर्भात सावधपणे स्वीकारली पाहिजे.

३) धातू काढण्याची दुसरी शस्त्रक्रिया आणि तिच्यामुळे बुडणारे कामाचे दिवस यांची गणना उपचाराच्या मूळ खर्चात व्हावी.

४) यापुढील अभ्यासांत साध्या व गुंतागुंतीच्या भंगांचे निष्कर्ष स्वतंत्र द्यावेत. मूळ कामावर परतण्याचा कालावधी नोंदवावा आणि स्थलांतरित रुग्णांचा पाठपुरावा त्यांच्या हंगामानुसार आखावा.

नांदेड येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अनेक वर्षांपासून कार्यरत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचाही समावेश होता. त्यामुळे असा अभ्यास करण्याची संधी आता जिल्ह्यातच उपलब्ध झाली आहे. शस्त्रक्रियेचे तंत्र बाहेरून शिकता येते. परंतु रुग्णाला विचारावयाचे प्रश्न त्याच्या शेतातून आणि घरातूनच घ्यावे लागतात. ते प्रश्न तयार करण्याच्या कामी वैद्यकाला समाजशास्त्र, गृहशास्त्र, कृषिशास्त्र आणि मराठी या विषयांच्या अध्यापकांचे साहाय्य लागेल. या दृष्टीने जिल्ह्यातील वरिष्ठ महाविद्यालयांनी पुढाकार घेणे उचित ठरेल.